लिंगम्मा अक्कांनी झाकलेला खांदा

भालकीच्या बसस्टँडमागे लिंगम्मा अक्कांचं शिलाईचं दुकान आहे. नवरा गेल्यावर त्या आळंदहून इथे आल्या. घरची बोली कन्नड, मराठी गिऱ्हाइकांकडून शिकलेली. अंगातलं उणं कपड्यात दिसू द्यायचं नाही, ही त्यांची ख्याती. मेहकरच्या एका नवरीचा खांदा पडका होता. "तिची सोयरीक माझ्या सुईनं जमली," असं त्या अजून सांगतात.

माझी मुलगी नेत्रा नववीत आहे. तिचे कपडे लहानपणापासून अक्काच शिवत. या जूनपासून शाळेने तयार युनिफॉर्म सक्तीचा केला आणि तो नेत्राच्या अंगावर एका बाजूला ओढल्यासारखा दिसू लागला. मी दुकानदाराशी भांडून दोनदा बदलून आणला. तिसराही तसाच. शेवटी तो घेऊन अक्कांकडे गेले.

त्यांनी तो हातात घेतला आणि टेप न लावताच डाव्या खांद्याची शिवण उसवायला घेतली.

"अक्का, माप तरी घ्या. ती बाहेर उभी आहे."

"माप कशाला वैनी? उजवा खांदा वर हाय न्हाई का तिचा. दोन वर्षं झाली. मी डावीकडं आतून घडी घालायलेव की."

"मग मला सांगितलं कामून नाही?"

"पोरीची जात. उद्या पाव्हणे बघायला येतेत. दुकानात चार बाया बसलेल्या, त्यांच्यापुढं कसं बोलू? चांगल्यासाठीच झाकलं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही कलबुर्गी गाठलं. डॉक्टरांनी नेत्राला पुढे वाकायला सांगितलं, तशी पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच आली. एक्स-रे लावून ते तिच्याशीच बोलले. "हे मणके. एकावर एक रचलेले, मधे गादी. तुझे एका बाजूला झुकलेत आणि झुकताना थोडे फिरलेत. बरगड्या मणक्यांनाच जोडलेल्या, त्याही फिरल्या. त्यांच्यावर टेकलेलं खांद्याचं पातं वर आलं. खांद्याला काही झालेलं नाही."

मग कमरेच्या हाडाची वरची कड दाखवली. तिथली वाढ अजून पूर्ण झाली नव्हती. हाडं वाढतात तोवर मणक्यांचा बाक वाढू शकतो, आणि धडाला बांधायच्या पट्ट्याने तो अडवायचा तर तेवढाच काळ हातात असतो.

"सरळ होईल?" मी विचारलं.

"आहे तिथे थांबवू. लवकर आला असतात तर बाक कमी असता."

बसमधून उतरले ती थेट दुकानात गेले आणि नको नको ते बोलले. "मला ते कापडाचंच काम वाटलं," एवढंच अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांची वाकवून बघायची रीत माझ्याकडून कळल्यापासून त्या प्रत्येक मुलीला पडद्याआड वाकवून बघतात आणि शंका आली की आईला सांगतात. गिऱ्हाइकं तुटली. एक बाई कापलेला ब्लाउज उचलून घेऊन गेली.

नेत्राला प्लास्टिकचा टणक पट्टा मिळाला, दिवसरात्र बांधायचा. आत्ता हे लिहितानाही मी दोनदा उठून बघून आले, झोपेत बंद सैल तर केले नाहीत ना. सासूबाईंना मी पाठदुखीचा पट्टा म्हणून सांगितलंय.

गेल्या रविवारी अक्का घरी आल्या. बसल्याही नाहीत.

"वैनी, खटकचिंचोळीची विजयश्री हाय. तिचा खांदा तसाच. तिची आई म्हणती, माझ्या पोरीला खोड लावायलीस. तुम्ही शिकलेल्या. तुमच्या घरचं सांगून तिला समजवा."

विजयश्रीची आई माझ्या जावेची मावसबहीण. तिथे बोललं की संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात. मी म्हणाले, "बघू अक्का. पुढच्या आठवड्यात."

नेत्रा आतून ऐकत होती. बाहेर आली. "किती वर्षांची आहे ती?"

"बारा."

"मग पुढचा आठवडा कामून, आई? तोवर तिची हाडं थांबणार हायेत का?"

ती चप्पल घालून अक्कांबरोबर निघालीसुद्धा. मी मागोमाग. खटकचिंचोळीला बसमधून उतरलो तरी काय बोलायचं ते काहीच ठरलं नव्हतं.

विजयश्रीच्या आईने दारातच नेत्राला खालून वर न्याहाळलं आणि अक्कांना म्हणाली, "आता साक्षीदार आणलीस व्हय?" नेत्राने कुर्त्यावरूनच पट्ट्यावर टकटक केली. "हात लावून बघा, काकू."

बाईने हात लावला. कडक प्लास्टिक चाचपत राहिली. मग माझ्याकडे वळली. "राती रडती का?"

नाही म्हणावं असं मनात आलं. "रडते," मी म्हणाले.

"तरी बांधता?"

"बांधते."

तिने पट्ट्यावरून हात काढला. मग आत वळून हाक मारली, "विजे, इकडं ये. वाक बघू जरा."