मांडीवरचा कवडसा

विमानशाळेच्या वर्गात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा पुढच्या बाकावरचा एक मुलगा अदबीने उठला आणि म्हणाला, "मावशी, पालकांनी बाहेर बसायचं असतं." तिने त्याचे आभार मानले, त्याच्याच शेजारी पिशवी ठेवली आणि बसली. मुलाने पुढचा तासभर मान वर केली नाही. त्या दिवसापासून ती साऱ्या शाळेची मावशी झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. पन्नाशी हाकेच्या अंतरावर आलेल्या बाईला या पोरांनी ताई म्हणावं, असा तिचा हट्ट नव्हता.

खरं तर वर्गातल्या सगळ्या पोरांनी मिळून जेवढा वेळ हवेत काढला असेल, त्याच्या कितीतरी पट तिने एकटीने काढला होता. परदेशात, जिथे जमीन अफाट आणि माणसं विरळ अशा मुलखात ती एका इंजिनाचं लहानसं विमान चालवायची. टपाल, औषधं, पंपाचे सुटे भाग, कधी कोंबडीची पिल्लं, कधी सासूशी भांडून माहेरी निघालेली एखादी सून. जाताना नदी धरायची, येताना रेल्वेचे रूळ धरायचे, आणि नदीही दिसेना आणि रूळही दिसेनात अशी हवा झाली की सपाट माळ बघून विमान उतरवायचं आणि चहा करत बसायचं. डोळ्यांना दिसेल तेवढंच उडायचं, असा तिच्या तिकडच्या परवान्याचा नियम होता.

त्या नियमापायी एकदा तिला हात चोळत बसावं लागलं होतं. दूरच्या एका मळ्यावर एक बाई बाळंतपणात अडली होती. दरीवर ढग उतरले होते आणि हलायचं नाव घेत नव्हते. मावशी पंखाखाली बसून वर बघत राहिली. ढग विरल्यावर ती गेली. बाई वाचली, मूल गेलं. कोणी तिला बोल लावला नाही. मुलाच्या बापाने उलट तिलाच धीर दिला, आणि तेच तिला जन्मभर लागून राहिलं.

वडील थकले तेव्हा तिकडचा गाशा गुंडाळून ती मायदेशी आली आणि धाकट्या भावाच्या घरी राहू लागली. आता उडायचं तर रुग्णविमानावर, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. रुग्णविमान म्हणजे उडती अँब्युलन्स. ढग असोत, धुकं असो, बोलावणं आलं की निघायचं. त्यासाठी परदेशी परवाना आधी इथला करून घ्यायचा होता. मग त्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग चढवायचं होतं, म्हणजे बाहेरचं काहीही न दिसता नुसत्या समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर विमान चालवता येतं, असा सरकारी शिक्का.

परवाना बदलून घेणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. तिकडच्या खात्याने कळवायचं की ही बाई खरी वैमानिक आहे. इकडच्या खात्याने उलट विचारायचं की कळवणारे तुम्ही तरी खरे आहात ना. तोवर डॉक्टरांनी तिला एका पायावर उभं केलं आणि रंगीत ठिपके ओळखायला लावले. लेखी परीक्षेत पहिल्या खेपेला ती चक्क नापास झाली. हवेचा दाब तिकडे इंचांत सांगत, इथे माप वेगळं. बाईसाहेबांनी सगळी उत्तरं सवयीने तिकडच्या मापात लिहून ठेवली. पोरं पास आणि मावशी नापास, यावर कँटीनमध्ये बरीच चर्चा रंगली. दुसऱ्या खेपेला ती सगळ्यांत वर आली, त्याची चर्चा कोणी केली नाही.

परवाना हातात आला तेव्हा ती रुग्णविमानाच्या मुख्य वैमानिकांना भेटायला गेली. हे मिशीवाले गृहस्थ गोड बोलण्याच्या भानगडीत कधी पडत नसत. ते म्हणाले, "तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण रेटिंगशिवाय खुर्ची नाही. महिनाअखेरपर्यंत आणा, खुर्ची तुमची. नाही आणलंत तर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल. आणि या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण घेणार, हे मी सांगायला नको." बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

घरी भावजय भाजी चिरत होती. तिला हे प्रकरण काही पटेना.

"म्हणजे डोळे बांधून विमान चालवायचं?"

"बांधून नाही गं. घोड्याला झापड लावतात ना, तशी एक टोपी असते. समोरचे काटे तेवढे दिसतात. बाहेरचं काही नाही."

"घोड्याच्या पायाखाली निदान रस्ता असतो, ताई."

"म्हणून तर शिकवणी लावलीय."

शिकवणारी तिला मुलगी शोभेल एवढ्या वयाची होती. अंगाने काडी, आवाजाने तोफ. मुलं पाठीमागे तिला मास्तरीण म्हणत. तिच्या तोंडून नुसतं 'बरं' निघालं तरी मुलांना स्वर्ग दोन बोटं उरायचा. तिने मावशीला झापड घातली, वर नेलं आणि डावीकडे वळा, उजवीकडे वळा, उंची सोडू नका, असा सपाटा लावला. मावशी वळली, सरळ झाली, पुन्हा वळली. काटे जागचे हलतील तर शपथ. असे ओळीने कितीतरी दिवस गेले. आकाश लख्ख होतं आणि मास्तरीण वर्गात पोरांना सुनवायची, "जरा त्या मावशींकडे बघा. नाहीतर तुम्ही!" परीक्षकांची तारीख ठरली. ती महिना संपायच्या जेमतेम आधीची होती.

तारखेला काही दिवस उरले असताना एका सकाळी आकाशभर राखाडी ढग पसरले. खूप उंच होते, त्यामुळे उडायला अडचण नव्हती. मावशीने झापड घातली. थोड्याच वेळात विमान हळूहळू एका कुशीवर कलायला लागलं आणि तिला त्याचा पत्ताच नाही. तिच्या मते ती सरळ चालली होती. "काटा बघा," मास्तरीण म्हणाली. मावशीने घाईने सावरलं ते दुसऱ्या बाजूला जास्तच झुकवलं. उंची भराभर उतरली. "सोडा, माझ्याकडे द्या!" मास्तरीण ओरडली आणि तिने विमान हातात घेतलं. खाली आल्यावर दोघींनी ठरवलं की दिवसच वाईट होता. एखादा दिवस असतो तसा.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मावशीचं काम पुन्हा पहिल्यासारखं सुरेख झालं. मास्तरणीचा जीव भांड्यात पडला. मावशीचा पडला नाही. कालची बाई कोण आणि आजची कोण, हा प्रश्न तिला सोडेना. पुढच्या वळणाला ती विमानाकडे नव्हे, स्वतःच्या हाताकडे लक्ष ठेवून बसली, आणि तिने चोर पकडला. खिडकीतून आलेला उन्हाचा एक कवडसा तिच्या मांडीवर पडला होता. विमान जरा कलंडलं की तो गुडघ्याकडे सरकायचा, आणि तो सरकला रे सरकला की तिची नजर काट्यावर जायच्या आत हात आपोआप सुकाणूची दांडी सावरायचा. तिने मांडीवर नकाशा पसरून पाहिला. कवडसा नकाशावर येऊन बसला. झापड लावली तरी सूर्य तिला बाहेरची सगळी बातमी पुरवत होता. इतकी वर्षं उघड्या आकाशात काढल्यावर अंगात मुरलेली सवय होती ती. तिला स्वतःलाही तिचा पत्ता नव्हता. काट्यांवर उडायला ती शिकलीच नव्हती.

हे तिने विमान ठेवायच्या शेडमध्ये मास्तरणीला जसंच्या तसं सांगितलं. मास्तरणीने भिंतीवरचा हवामानाचा तक्ता पाहिला. मग म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी आकाश स्वच्छ राहणार आहे. तुम्ही पास व्हाल. कवडसा बघू नका, असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. एकदा खुर्ची मिळू दे, मग आपण ढगात हवा तेवढा सराव करू. मी स्वतः येईन, मावशी."

यात कपट काही नव्हतं. पोरीचा मावशीवर जीव जडला होता आणि खुर्ची गेली तर परत मिळणार नाही, हे तिलाही कळत होतं.

"ढगात कवडसा नसतो, मॅडम," मावशी म्हणाली.

"म्हणूनच म्हणतेय, नंतर करू."

"नंतर माझ्या मागे आजारी माणूस झोपलेला असेल."

एवढं बोलून गेली खरी, पण मावशी काही संत नव्हती. मधले दिवस तिने स्वतःशी पुष्कळ वाद घातला. भावजयीने त्यात तेल ओतलं. "हातातोंडाशी आलेला घास आहे, ताई. सगळं जग असंच पास होतं. मागून शिकतं." मावशीला ते पटतही होतं. परीक्षेच्या सकाळी ती वेळेवर गेली, विमानाभोवती फेरी मारली, इंधन तपासलं, चाकं दाबून पाहिली. ऊन असं झकास पडलं होतं की पंखाकडे बघवत नव्हतं. बसावं आणि उरकून टाकावं, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. परीक्षक काळा चष्मा लावून आले. तिने त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "आज नको, सर."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येत उत्तम आहे. ऊन आहे म्हणून नको." आणि मग तिने कवडशाचं सगळं सांगितलं.

परीक्षकांनी चष्मा काढला. "ढग बघून परीक्षा पुढे ढकलणारे रोज भेटतात," ते म्हणाले. "ऊन बघून ढकलणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पण पुढची तारीख महिना उलटल्यावरच मिळेल. चालेल?"

चालण्यासारखं नव्हतं. ती हो म्हणाली.

मिशीवाल्या गृहस्थांना तिनेच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला खुर्ची रिकामी ठेवता येणार नाही, बाई."

"ठेवू नका. आजारी माणसं माझ्यासाठी थांबणार नाहीत."

फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून मोठ्याने रडली. सकाळपासून तोंडाचा पट्टा सोडलेल्या भावजयीने विळी बाजूला सारली. तिने पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि शेजारी बसून राहिली.

त्यानंतर मावशी आभाळ भरून यायची वाट बघायची आणि भरून आलं की शाळेत हजर व्हायची. मास्तरीण तिला सरळ खऱ्या ढगात न्यायची. आत पांढऱ्या अंधारासारखं काहीतरी असतं. सरळ चाललेलं विमान वळतंय असं वाटतं, वळलेलं सरळ वाटतं, आणि पोट शपथेवर खोटं बोलतं. "पोटाचं ऐकू नका, काट्याचं ऐका," मास्तरीण ओरडायची. मावशी ओठांत पुटपुटत एकेक काटा वाचायची: क्षितिज, उंची, दिशा, पुन्हा क्षितिज. चुकायची, घामाघूम व्हायची, खाली उतरून ओकायची आणि तोंड धुऊन पुन्हा वर जायची. इतक्या वर्षांच्या वैमानिकाला पहिलीत बसलेल्या पोरासारखं पाटी पुसून गिरवायला लागणं, याला छाती लागते. मुलं आता तिला बघून हसत नव्हती. ढगाळ सकाळी दोघंतिघं उगाच शेडपाशी रेंगाळायची आणि ती सुखरूप उतरली की वर्गात जायची.

पुढे एका मळभाच्या दिवशी परीक्षा झाली आणि ती पास झाली. परीक्षकांनी हात मिळवला, मास्तरणीने सगळ्यांसमोर तिला मिठी मारली आणि मग त्याच पोरांवर ओरडली की काय बघताय.

खुर्ची अर्थातच गेली होती. तिथे एक तरतरीत तरुण बसला होता. काही महिन्यांनी मिशीवाल्यांचा फोन आला. उजवीकडची, म्हणजे त्या तरुणाच्या हाताखालची जागा होती. "तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर स्पष्ट सांगा," ते म्हणाले. "कधी येऊ?" मावशीने विचारलं.

पहिल्याच आठवड्यात डोंगरापलीकडून बोलावणं आलं. पोटात रक्तस्राव होत असलेला एक मुलगा आणि त्याच्याबरोबर त्याची आई. डोंगर ढगांत बुडाले होते. दोघांना घेऊन परत वर चढल्यावर त्या तरुण कॅप्टनने रेडिओवर शहरातल्या विमानतळाशी बोलणं सुरू केलं आणि विमान मावशीच्या हाती दिलं. काचेबाहेर पांढऱ्याखेरीज काही नव्हतं. मागे डॉक्टर पोरावर वाकले होते. पट्टा सोडून त्याची आई पुढे सरकली आणि खुर्च्यांच्या फटीतून डोकावली. तिने समोरची काच पाहिली, आणि तिचा आवाज चिरकला.

"अहो, बाहेर काहीच दिसत नाहीये!"

"नाही दिसत," काट्यांवरची नजर न काढता मावशी म्हणाली. "तुम्ही त्याचा हात धरून बसा. आपण सरळ चाललोय."