अखंड तुळई

सुताराच्या उजव्या हाताची तीन बोटं करवतयंत्रानं नेली, ती धाकट्या भावाच्या कृपेनं. दादाचा हात कुठे आहे हे न बघताच धाकट्यानं खटका दाबला होता. तेव्हापासून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. मोठा वर राहायचा, धाकटा खाली. जिन्यात गाठ पडलीच तर दोघंही भिंतीकडे बघत जायचे.

बोलणं व्हायचं ते एका कंपनीच्या आभासी जगात. तिथे सुतार उरलेल्या बोटांनी माऊस धरून एक दालन बांधत होता. बोटं गेल्यावर त्याच्या हातून झालेलं हे एकच काम. पण कंपनीचा नियम असा, की कुठलीही वस्तू दहा मीटरपेक्षा लांब चालणार नाही. कारण विचारलं तर म्हणे तांत्रिक अडचण. दालन होतं चाळीस मीटरचं. त्यामुळे प्रत्येक तुळई चार तुकड्यांची, आणि मधे नक्षीदार जोड. दोघांच्या सुतारकामाच्या दुकानातही जोड धाकटाच करायचा, म्हणून झक मारत त्यालाच सांगावं लागलं.

"जोड पाठव."

"पाठवला, दादा."

एवढंच, पण वर्षानुवर्षं, रोज.

मग कंपनीनं जाहीर केलं, की त्या जगातला, दालन होतं तो सगळा भाग पुसून टाकणार. बांधलेलं बाहेर नेता येईल, पण ज्यातला तुकडान् तुकडा स्वतःचा असेल तेवढंच. धाकट्याचा जोड नसलेली तुळई छताला एकही नव्हती. सुतारानं कंपनीच्या सात पिढ्या उद्धारल्या.

"भाऊजींशी बोला की, काहीतरी मार्ग काढतील," बायको म्हणाली.

"त्यानं काढलेले मार्ग या हातावर दिसतायत," तो म्हणाला.

तसलंच जग घरच्या संगणकावर उभं करून देणारं एक खुलं सॉफ्टवेअर त्यानं शोधलं. आतलं सगळं कुणीही उघडून बघावं आणि बदलावं, असं. तुळई इथेही दहा मीटरला अडली. त्यानं आत पाहिलं, तर अडचण म्हणून नुसता एक आकडा लिहिलेला. त्यानं दहाचे पन्नास केले. तुळई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेली, संगणकाला पत्ताही लागला नाही.

आनंद राहिला बाजूला, त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणीतरी खुर्चीत बसून टाकलेल्या आकड्यापायी आपण इतकी वर्षं त्या माणसाच्या नाकदुऱ्या काढल्या! भिंती त्याच्याच हातच्या होत्या, त्या उचलून आणल्या. वर अखंड तुळया टाकल्या. छत पुरं झालं.

कंपनीचा भाग पुसायच्या आदल्या दिवशी धाकट्याचा निरोप आला. "दादा, वहिनीनं सांगितलं ते खुलं सॉफ्टवेअर मीपण शिकलो. सगळे जोड त्यात नव्यानं केलेत, तुझ्या नावावर. कधी बसवायचे?"

मागे उभ्या बायकोनं तो वाचला. "अहो, जरा विचार करून लिहा," ती म्हणाली.

"लागत नाहीत," सुतारानं लिहिलं आणि पाठवून दिलं. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं संगणक लावला. दालन जागच्या जागी होतं, पुरं झालेलं. रोजची 'जोड पाठव' लिहायची वेळ झाली. धाकट्याला आता काय लिहायचं, ते त्याला दुपारपर्यंत सुचलं नाही.