मिलिंदची सात स्टेशनं

मिलिंद गेल्याची बातमी मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, आणि मध्येच एकाने गणपतीच्या हॉलचं पार्किंग विचारलेलं. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. सहा आठवडे झाले, राग उतरलेला नाही... आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

मिलिंद नागपूरचा. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला येण्याआधी तो कंपनीच्या कामाने चार वर्षं जपानमध्ये होता, आणि तिथे रोज एका इवल्याशा रेल्वे लाइनने ऑफिसला जायचा. सात स्टेशनं, एकेरी रूळ, दोन डबे. बंद पडायला आलेली ती लाइन गावकऱ्यांनी हट्टाने चालू ठेवलेली. सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्यांच्या घरी बसून त्याने तिचा इतिहास लिहून घेतला. गिरणीत जाणाऱ्या बायकांसाठी ती टाकली, आणि तिची खडी त्याच बायकांनी पाठीवरून वाहिली. एकेकीचं नाव त्याच्याकडे होतं.

मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक मी. त्याने चाळीस पानं दिली. मी शहाणपणा केला, दोन ठेवली, नावं उडवली, वर मथळा दिला 'माझी जपानी सफर'. शिवाय त्यालाच ऐकवलं, "अरे, इथे सगळे कारने फिरतात. तुझी सात स्टेशनं कोण वाचणार?"

"रूळ टाकणाऱ्यांची नावं कुणी लिहीत नाही, म्हणून तर लिहिलं," तो म्हणाला. "नेमकं तेच तू कापलंस." लेख त्याने परत नेला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी... माणूसच गेला.

शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "आमचा ट्रेनवेडा मित्र." नंतर मला बाजूला घेऊन, "ते जपानचं जरा शॉर्ट करून टाका ना, ट्रिब्यूट म्हणून." मेल्यावरही कात्री! मी तिथेच संपादकपद सोडलं. आता सोडून काय उपयोग, हे मलाही कळतं.

परवा मिलिंदच्या बायकोला, सुजातावहिनींना, प्रिंटरकडे न्यायला गेलो. अख्खी चाळीस पानं छापायची होती. निघताना त्या दारात थांबल्या. जपानचे रेल्वेवाले एकेका गोष्टीकडे बोट दाखवून ती मोठ्याने म्हणतात, आणि जोडीदाराने तेच परत म्हणायचं. मिलिंदने घरात ही सवय लावली होती. वहिनींनी किचनकडे बोट केलं, "गॅस बंद." आणि वाट बघत राहिल्या...

"बंद," मी म्हणालो.

मग त्यांचं बोट माझ्या हातातल्या फाइलवर आलं. "नावं सगळी."

त्या बोट तसंच धरून उभ्या होत्या.

"सगळी," मी म्हणालो.