चांगुणाबाईंनी ओतून दिलेलं पाणी

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण पाऊस मात्र तालुक्यापुरताही पडत नव्हता. आमच्या गल्लीत चौथ्या दिवशी टँकर यायचा. घरात मावेल तेवढंच पाणी आपलं, म्हणून मागच्या केमिकल कारखान्यातले रिकामे ड्रम सगळ्यांना हवेहवेसे झाले. चांगुणाबाई तिथं झाडलोटीला जायच्या. मुकादमाच्या मागे लागून त्यांनी एक मिळवला. लेक पंचशीला बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. तिला पाणी कमी पडू नये, एवढाच त्यांचा घोर.

राख, चिंच, विटकर लावून त्यांनी दोन दिवस ड्रम घासला. हातांची आग झाली, तर खोबरेल चोळलं. टँकर आला, ड्रम काठोकाठ भरला.

मी विचारलं, "ह्यावर काही लिहिलेलं होतं का हो?"

"हाव, विंग्रजी कागद व्हता. कवटीचं चित्रबी. लई घाण दिसायलं, पैलं तेच खरवडलं."

"अहो बाई, ते विषाचं चित्र!"

"आसंल. आता इखबी निघालं की घासून!" त्या हसल्या.

पण शेळीला त्यातलंच पाणी ठेवलं, तर दिवसभर तहानलेली शेळी वास घेऊन मागे सरली. शेजारच्या दानम्मा ओट्यावरून म्हणाल्या, "शेळीचा नखरा बघ की गं!"

चांगुणाबाई हसल्या नाहीत. पंचशीला तांब्या घेऊन येत होती. त्यांनी ड्रमला खांदा लावला आणि तो आडवा केला. दुष्काळातलं चार दिवसांचं पाणी नालीतून वाहून गेलं. अख्खी गल्ली बघत राहिली.

दानम्मांच्या घरीही तसाच ड्रम आणलेला होता, अजून न भरलेला. त्यांनी तो नवऱ्याकरवी, मलप्पांकरवी, परत धाडला. मग ओट्यावरून हाक आली, "चांगुणे, माझे रांजण दोन हाईत. एक तुझ्या लेकीला."

इतक्या वर्षांत जातीपायी त्या दोन घरांचं पाणी कधी एकत्र झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंचशीला ओट्याखाली उभी, तांब्या पुढं धरून, वरून कुणी ओतेल म्हणून.

"उभी काऊन ऱ्हायलीस?" दानम्मा आतून ओरडल्या. "वर ये, तांब्या बुडव रांजणात. दर बारीला मी उठू व्हय? गुडघे दुखायलेत माझे."

पंचशीलानं आईकडं पाहिलं आणि पायरी चढली.