आधी पॉलिसी, मग डॉक्टर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही तासगावचे नाही, एवढं एकच कारण असेल.

लष्करातून निवृत्त झाल्यावर मी आरोग्यविम्याच्या पॉलिसी विकायला लागलो. आमच्याकडे माजी सैनिकाचा शब्द चालतो. लोक माझी मिशी बघून सही करायचे. मी स्वतः मात्र एकही पॉलिसी धड वाचली नव्हती. मला कुठे लागणार होती? माझं औषधपाणी लष्कराच्या दवाखान्यात.

बेदाण्याचा व्यापारी सलीम माझा शेजारी. त्याची मुलगी सानिया तेव्हा अडीच वर्षांची होती. हाक मारली तरी वळायची नाही. बेदाण्यांच्या रांगा लावत बसायची आणि रांग मोडली की रडून घर डोक्यावर घ्यायची. एकदा तिची आई रुखसाना मला म्हणाली, "आवं फौजीकाका, हिला सांगलीच्या डॉक्टरांना दाखवावं म्हणते."

मी काय सांगावं? "आत्ता न्हाई. आजाराचं नाव एकदा कागदावर आलं की कंपनी दारात उभं करायची न्हाई. आधी पॉलिसी, मग डॉक्टर." हे लपवणं मला तेव्हा हुशारीचं वाटलं. पॉलिसी निघाल्यावर पुन्हा सांगितलं — आधीपासूनच्या आजाराला सुरुवातीची काही वर्षं पैसे मिळत नाहीत, तेवढं थांबा. हुकूम सोडल्यासारखं सांगितलं. ती थांबली.

इथवर अज्ञान म्हणता येईल. पुढचं नाही.

पुढच्या द्राक्षहंगामात सांगलीत आम्हा एजंटांचं शिबिर झालं. कुणीतरी स्वमग्न मुलांबद्दल विचारलं. शिकवणाऱ्या बाईंनी मी सलीमला विकलेल्या पॉलिसीतलंच कलम वाचून दाखवलं — दवाखान्यात दाखल झालं तरच पैसे. बोलायला शिकवणं, वागण्याचे उपचार, जाऊन-येऊन घ्यायची थेरपी — यातलं काहीच बसत नव्हतं. वर म्हणाल्या, अशा मुलांचे उपचार जितके लवकर तितके बरे, विम्यासाठी अडवून ठेवू नका. मीही सगळ्यांबरोबर मान डोलावली.

म्हणजे सानिया कशासाठी थांबली होती? कशासाठीच नाही. आमची भिंत एक आहे — एक हाक पुरली असती. मी मारली नाही. चुकलो म्हणालो असतो तर फौजीचा शब्द गेला असता, दुसरं काही नाही. सीमेवर घाबरलो नसेन इतका मी रुखसानाला घाबरलो. तो हंगाम गेला. पुढचाही गेला.

शेवटी शाळेनं सानियाला घेतलं नाही, तेव्हा आम्ही सांगलीला गेलो — हो, मीही सोबत होतो. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली आणि विचारलं, इतके दिवस का थांबलात? रुखसाना खाली बघत म्हणाली, "आमचंच चुकलं, साहेब." मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागलो. पुढे कंपनीनं पैसे नाकारले, तेव्हा कंपनीला सगळ्यांत मोठ्या शिव्या मीच घातल्या.

आता सानिया आईबरोबर एसटीनं सांगलीला थेरपीला जाते. मोजके शब्द बोलते. पाणी. बस. नको. ईदला रुखसाना तिच्या हातात शीरखुर्म्याचा डबा देऊन तिला आमच्या दारात आणते. "फौजीकाकांनी लय केलं बघ तुझ्यासाठी. काका म्हण."

सानिया काही म्हणत नाही. मी डबा घेतो.