खंडेनवमीचा माईक

कप आधी खाली ठेवा, चहा सांडंल! माझी अशी फजिती झाली होती की दसरा जवळ आला की आमची ही अजून पदर तोंडाला लावून हसती.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असंल. मी हिंगोलीला पोलिसात शिपाई. दसऱ्याच्या जत्रेच्या बंदोबस्ताला परभणीहून वायरलेसचे सेट आले. खांद्याला लटकवायचा सेट, आन् त्याला वेटोळ्या वायरीचा हातातला माईक. बटन दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. त्यातला एक माझ्या वाट्याला आला! छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्या तेवढ्या राहिल्या.

साहेबांनी बजावलं, "पाणी लागू द्यायचं नाही. साफ करायचा तर आधी बॅटरी काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायचं. बिघडवलास, तर सेट काढून घेईन आणि पुन्हा काठी देऊन चौकात उभा करीन!"

"व्हय साहेब!"

पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ठाण्यात बंदुकांची पूजा, काठ्यांची पूजा. मग माझ्या माईकनं काय घोडं मारलं होतं? मी त्याला झेंडूचा हार घातला, वर साखर ठेवली, नारळाचं पाणी शिंपडलं, आन् अंगठ्यानं चांगला दाबून कुंकवाचा टिळा लावला. कुठं? बराबर बटनावर!

दसऱ्याला सकाळी सेट चालू केला. "हॅलो, हॅलो!" उत्तर न्हाई. म्हटलं, साहेब चहा घेत असतील. आता बटन आत चिकटून बसलंय, माझा शब्द न् शब्द सगळ्या सेटवर जाऊन राहिलाय, आन् दुसऱ्या कुणाला तोंड उघडता येत न्हाई, हे मला कसं कळावं?

रामलीला मैदानावर माझी बायको भेटली, कमल. जत्रा बघायला आली होती.

"अवो, तुमचा ह्यो डबा बोलत काहून न्हाई?"

"बोलायला काही घडाया तर पायजे! मी उभा हाय म्हटल्यावर चोर मैदानात पाय ठेवंल का? साहेबाला काय कळतं? सारा बंदोबस्त माझ्या जिवावर चालून राहिला!"

"तुमच्या जिवावर? घरात पाल निघाली की खाटंवर चढता, आन् मला हाका मारता, झाडू आण म्हणून!"

"अगं हळू बोल! कुणी ऐकंल!"

तेवढ्यात ती किंचाळलीच. "अगं बाई! तो बघा, हिरव्या सदऱ्यातला! बांगड्यांच्या दुकानापाशी म्हातारीच्या गळ्यातली पोत तोडली त्यानं! पाळण्याकडं पळाला!"

मी काय केलं? "कुठं? कुठं?" करत जागच्या जागी गिरकी घेतली आन् माईकच्या वायरीत गुंतून बसलो. पण पाळण्यामागून आमचे शिपाई धावले आन् हिरव्या सदऱ्याला पोतीसकट धरला! मी चाटच पडलो. ह्यांना सांगितलं कुणी?

शिपायांनी मला साहेबांच्या तंबूत नेलं. तिथल्या वायरलेसच्या मेकॅनिकनं आधी बॅटरी काढली, मग माईक खोलला, बटनाभोवतीचा लाल चिकटा स्पिरिटनं पुसला. टक्! बटन वर आलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांनी सगळं ऐकलं होतं! पालीसकट!

पण तंबूबाहेर बघता का! पोत मिळालेली म्हातारी कमलवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडत होती. जो तो आमच्याकडं बोट दाखवून राहिला. जत्रेत नाव कुणाचं? आमचंच! मला पुन्हा जोर आला.

"साहेब, चोर तर घावला. सेट माझ्याकडंच राहील ना?"

साहेब मिशीत हसले. "राहील की. खांद्याला तू लटकवायचा. बोलायचं मात्र बाईंनी."

अख्खा तंबू खदखदला. कमल तेवढी हसली न्हाई. पदर खोचून तंबूत शिरली आन् मेकॅनिकला म्हणाली, "भाऊ, बटन कुठलं दाबायचं?"