आदल्या दिवशी मी एकटा जायचो

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते मेथी निवडायचं. शुक्रवारची संध्याकाळ. सातपूरला आमच्या घराच्या ओट्यावर ती आणि मी, मधे परात. मी काड्याही भाजीत टाकत होतो. "अहो, ही भाजी माणसांनी खायची का म्हशीनं?" शांता बोलली. इथवर मी सगळ्यांना सांगतो. ह्याच्या पुढचं कधी कुणाला सांगितलं नाही — पोटच्या पोरीलाही नाही. तुम्हाला सांगतो.

शांता म्हणजे माझी बायको. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी घरी नव्हतो.

आमची पोरगी नंदा. तिनं मोबाइलवर कुठंतरी वाचलं, की नवरा-बायकोनं मिळून काही नवं करत राहिलं की संसार घट्ट होतो. म्हातारपणी आमचा संसार काय सैल झाला होता? मी हसलो. पण शांतानं ते मनावर घेतलं. तिला पहिल्यापासून प्रत्येक गोष्टीची चौकशी — हे कसं लागतं, तिथं आत काय असतं. महिन्याला एक नवी गोष्ट, दोघांनी कधीच न केलेली, असं तिनं ठरवलं. पहिला मॉलमधला सरकता जिना. मग पिझ्झा.

जिन्यावर तिनं माझा दंड असा धरला — नखं रुतली. मी ताठ उभा. "तुम्हाला भ्या नाय वाटलं?" मी म्हणालो, "जन्म परांचीवर उभं राहून भिंती बांधल्या, ह्याला काय भ्यायचं?" ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही बी घाबरले असते ना, तर लय मजा आली असती."

आता ऐका. मी घाबरलो होतो — आदल्या दिवशी. एकटाच गेलो होतो तिथं. पहिल्या पायरीवर पाय पडेना, मागची माणसं खोळंबली, शेवटी एका बाईनं कोपराला धरून मला वर नेलं. मग पाय सरावेपर्यंत खाली-वर करत राहिलो. पिझ्झाचंही तेच, आधी एकटा खाऊन आलो. गवंडी माणूस, गल्लीत छाती काढून फिरलेला — बायकोला थरथरताना दिसू? तिची पहिली वेळ, माझी दुसरी, दर महिन्याला असंच. आणि ती नंदाला फोनवर सांगायची, आम्ही दोघं पहिल्यांदाच!

तिला कळलं असेल का? फार विचार करतो ह्याचा. आणि खरंच दोघं मिळून घाबरलो असतो, तर कसं वाटलं असतं? ते मला ठाऊक नाही. आता कळायचंही नाही.

रविवारी गंगापूर धरणावर बोटीत बसायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी ती म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं होतंय, आज कुठं जाऊ नका. मी म्हणालो, पित्त असेल, थंड दूध पी. ओळखीच्याचं बांधकाम बघून येतो, असं सांगून निघालो. सगळ्यांना तेच माहीत आहे — म्हातारा बांधकामावर होता.

मी धरणावर होतो. बोट हलली तसे डोळे मिटून घेतले. पाण्याच्या मधोमध खिशातला फोन वाजला. शांताच असणार, मला दुसरं कोण करतंय? वर ते फुगीर जाकीट बांधलेलं — पण हात घालता आला असता. घातला नाही. उचलला असता तर तिला इंजिनाचा आवाज गेला असता ना. फोन वाजून वाजून थांबला. काठाला उतरून बघितलं, तिचाच होता. माझे पाय अजून लटपटत होते. मी फोन खिशात टाकला, परत तिकीट काढलं आणि दुसऱ्या फेरीला बसलो.